डबल-क्लिकने चालते, शेड्युलरमधून चालत नाही: रात्रीच्या फाइल पाठवण्याबद्दल

तुमचा प्रश्न मी असा वाचला. पतसंस्थेच्या सहा शाखा आहेत. प्रत्येक शाखेतलं सॉफ्टवेअर डे-एंड (दिवसाचे हिशेब बंद करणं) झाल्यावर साधारण ४० एमबीची झिप फाइल तयार करतं. ती आतापर्यंत क्लार्क फाइलझिला या फाइली चढवायच्या प्रोग्रॅममधून हाताने मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर चढवायचा. शनिवारी घाईत राहून जायची, क्लार्क रजेवर गेला की राहून जायची. म्हणून तुम्ही विंडोजच्या एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) कमांडची बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहिलीत. डबल-क्लिक केलं की चालते, टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) लावली की काहीच होत नाही, आणि अधूनमधून मुख्य कार्यालयात अर्धीच फाइल पोचते, मग सकाळी तेरीज (जमा-नावेच्या बेरजांचा ताळा) जुळत नाही. तुमचं म्हणणं, 'चालणारी स्क्रिप्ट द्या.'

स्क्रिप्ट छोटीच आहे, खाली तिचा क्रम सांगतो. पण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगवेगळे बिघाड एकत्र आलेत: एफटीपीचा, शेड्युलरचा आणि अर्ध्या फाइलचा. चौथा तुम्ही विचारलेलाच नाही. फाइल गेली नाही हे मुख्य कार्यालयाला कधी आणि कसं कळतं? सध्या ते तेरीज जुळली नाही की कळतं, म्हणजे फार उशिरा. फाइल इकडून तिकडे नेणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे. माझा बहुतेक वेळ नेहमी बाकीच्या गोष्टींवर गेलाय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सर्व्हर तुमच्या ताब्यातला लिनक्स आहे आणि शाखेच्या मशिनवर तुम्हाला अ‍ॅडमिन अधिकार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन्ही खरं असेल तर पुढचं सगळं जमेल. सर्व्हर दुसऱ्या कुणाचा असता तर तिकडे फोल्डर बनवणं, तपासणी लावणं हे त्यांच्या मर्जीवर राहिलं असतं. फाइल ४० एमबीची आहे म्हणून मी अर्धवट राहिलेलं ट्रान्स्फर तिथूनच पुढे चालू करण्याच्या फंदात पडत नाही. ५ एमबीपीएस अपलोड असेल तर ते मिनिटभराचं काम आहे, तुटलं तर पहिल्यापासून पाठवायचं. हीच फाइल २० जीबीची असती तर उत्तर वेगळं झालं असतं.

आधी एफटीपी सोडा

एफटीपी जुनं आहे म्हणून मी नाक मुरडत नाहीये. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा माणूस तेव्हा एमआयटीत होता. त्या काळच्या नेटवर्कवर सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे यूजरनेम आणि पासवर्ड उघडे पाठवण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सभासदांच्या ठेवी-कर्जांची माहिती आज तशी उघडी पाठवणं चालणार नाही, एवढं एक कारणही पुरेसं आहे.

पण तुमच्या रोजच्या त्रासाशी थेट संबंध असलेली कारणं वेगळी आहेत. विंडोजची एफटीपी कमांड मुळात टेक्स्ट मोडमध्ये सुरू होते. बायनरी मोड सांगायचा राहिला तर ओळ संपल्याच्या खुणा बदलण्याच्या नादात झिप फाइल बिघडू शकते, आणि फाइल तर 'पोचलेली' दिसते. दुसरं, ती कमांड पॅसिव्ह मोड (डेटाची जोडणीही आपल्याच बाजूने उघडण्याची पद्धत) नीट करत नाही. एफटीपीत आज्ञा एका जोडणीवरून जातात आणि डेटा दुसऱ्या. ती दुसरी जोडणी सर्व्हरने उलट तुमच्याकडे उघडायची असते आणि शाखेचा राउटर ती अडवतो. कधी चालतं, कधी चालत नाही, त्याचं एक मूळ इथे असू शकतं. तिसरं कारण ऑटोमेशनच्या दृष्टीने सगळ्यात वाईट: ट्रान्स्फर फसलं तरी ही कमांड बाहेर पडताना 'सगळं ठीक' असाच कोड देते. ज्या कमांडला आपण हरलो हे सांगता येत नाही, तिच्यावर रात्रीचं काम सोपवू नये.

त्याऐवजी एसएफटीपी वापरा. नाव सारखं असलं तरी हे एफटीपीचं भावंड नव्हे. ते एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या आत, पोर्ट २२ वरच्या एकाच जोडणीतून चालतं, त्यामुळे राउटरची कटकट जवळजवळ संपते. तुमच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएच आधीच असणार. शाखेच्या बाजूला विनएससीपी हा प्रोग्रॅम टाका. ते फुकट आहे, विंडोजवर नीट बसतं, स्क्रिप्टमधून चालतं आणि फसलं तर तसं सांगतं. फाइलझिला हाताने काम करायला छान आहे, पण त्याला स्क्रिप्टमधून फाइल पाठवायला सांगता येत नाही.

आरसिंक या दोन ठिकाणच्या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दलही तुम्ही विचारलंय. लिनक्स ते लिनक्स असतं तर मी डोळे झाकून तेच सुचवलं असतं. विंडोजवर ते चालवायला सिगविन किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयी) आणावं लागतं. शिवाय त्याची मोठी खासियत म्हणजे फक्त बदललेला भाग पाठवणं. झिप फाइलमध्ये आतला थोडासा डेटा बदलला तरी पुढचा सगळा दाबलेला मजकूर बदलतो, त्यामुळे तो फायदा तुम्हाला फारसा मिळणार नाही.

डबल-क्लिक आणि शेड्युलर यांत फरक काय

इथे थोडा वेळ घालवतो, कारण याच ठिकाणी बहुतेक लोक हात टेकतात. डबल-क्लिक करता तेव्हा स्क्रिप्टच्या भोवती तुमचं सगळं असतं: तुमचं लॉगिन, तुमचे मॅप केलेले ड्राइव्ह, तुमचे साठवलेले पासवर्ड, तुमचा चालू फोल्डर, आणि प्रश्न आला तर 'यस' दाबायला तुम्ही स्वतः. शेड्युलर तीच स्क्रिप्ट दुसऱ्या खात्याखाली, रिकाम्या खोलीत चालवतो.

चालू फोल्डरपासून सुरुवात करा. टास्कमध्ये 'स्टार्ट इन' हा रकाना ऐच्छिक म्हणून दिलाय. तो मोकळा सोडला तर स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधून सुरू होते आणि तिथे तुमची फाइल शोधत बसते. तो रकाना भरा, अवतरण चिन्हं न घालता, आणि स्क्रिप्टमध्येही प्रत्येक ठिकाणी पूर्ण पाथ लिहा.

मग ड्राइव्ह. 'झेड ड्राइव्ह' हा तुमच्या लॉगिनपुरता असतो. 'यूजर लॉगऑन असो वा नसो चालव' हा पर्याय निवडला की तो ड्राइव्ह स्क्रिप्टला दिसत नाही. फाइल शाखेतल्याच दुसऱ्या मशिनवर असेल तर दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या, आणि ज्या खात्याखाली टास्क चालतं त्याला तिथे परवानगी आहे ना, ते बघा.

विनएससीपीचंही तसंच. तुम्ही त्यात जतन केलेली साइट तुमच्या खात्याच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) जाते. दुसऱ्या खात्याला ती सापडत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये जतन केलेल्या साइटचं नाव न देता सर्व्हरचा पूर्ण पत्ता, खातं, किल्लीची फाइल (पासवर्डऐवजी वापरायची) आणि सर्व्हरच्या होस्ट-कीचा, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीचा, ठसा थेट लिहायचा. होस्ट-की दिली नाही तर नव्या खात्याखाली पहिल्यांदा जोडताना 'या सर्व्हरवर विश्वास ठेवू का?' हा प्रश्न येतो, उत्तर द्यायला कुणी नसतं आणि स्क्रिप्ट अडकते किंवा बंद पडते. काही जण वैतागून 'कुठलीही की चालेल' असं तिथे लिहून टाकतात. ते करू नका, मग दारावर कोण उभं आहे हे तुम्ही विचारतच नाही.

तारखेचा सापळाही इथलाच. बॅच फाइलमध्ये चालू तारखेतून अक्षरं कापून फाइलचं नाव बनवण्याची पद्धत खूप रूढ आहे. ती तारीख मशिनच्या रिजनल सेटिंगप्रमाणे छापली जाते. तुमच्या खात्यात भारतीय पद्धत, म्हणजे आधी दिवस मग महिना. सिस्टीम खात्यात अमेरिकन पद्धत असली की महिना आधी. मग स्क्रिप्ट भलत्याच नावाची फाइल शोधते. तारीख हवीच असेल तर पॉवरशेलकडून (विंडोजची नवी आज्ञा-भाषा) वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवून घ्या. मी मात्र तारीखच टाळतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

शेवटी दोन किरकोळ, पण हमखास भेटणाऱ्या गोष्टी. शाखेत लॅपटॉप असेल तर 'चार्जिंगला असेल तरच चालव' ही खूण मुळातच लावलेली असते, ती काढा. आणि ज्या माणसाच्या खात्याखाली टास्क लावलंय त्याने पासवर्ड बदलला की टास्क गुपचूप बंद पडतं. म्हणून या कामासाठी वेगळं खातं बनवा, कुणा क्लार्कच्या नावाचं नको.

इथवरचं थोडक्यात: एसएफटीपी, विनएससीपी, स्वतंत्र खातं, पूर्ण पाथ, आणि स्क्रिप्टमध्ये एकही प्रश्न न पडेल अशी तयारी.

अर्धी फाइल येते कुठून

अर्धी फाइल दोन ठिकाणी जन्मते आणि तुम्ही बहुधा एकाच ठिकाणी शोधताय.

पहिलं ठिकाण शाखेतच. सॉफ्टवेअर झिप लिहीत असतानाच स्क्रिप्टची वेळ झाली, तिने होती तेवढी फाइल उचलली आणि इमानदारीने पाठवली. ट्रान्स्फर शंभर टक्के यशस्वी, फाइल अर्धी. 'डे-एंड सात वाजता होतो, स्क्रिप्ट आठला लावली' हे उत्तर मार्चअखेरला टिकत नाही. त्या आठवड्यात डे-एंड कधी साडेनऊला होतो, कधी अकराला.

दुसरं ठिकाण सर्व्हरवर. फाइल चढत असते, तेवढ्यात मुख्य कार्यालयाचं इम्पोर्ट चालू होतं आणि आलेला भाग वाचून टाकतं. किंवा नेट मधेच गेलं, अर्धी फाइल पूर्ण नावाने तिथे पडून राहिली.

दोन्हीवर उपाय एकच तत्त्वाचा आहे: अपुऱ्या फाइलला पूर्ण नाव कधीच मिळू द्यायचं नाही. विनएससीपी एसएफटीपीवर हे स्वतःच करतं. चढवताना नावापुढे 'फाइलपार्ट' असं शेपूट लावतं आणि पूर्ण झाली की नाव बदलतं. पण मुळात ते १०० केबीपेक्षा मोठ्या फाइलींनाच लागू असतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये ते सगळ्यांसाठी चालू करा. लिनक्सवर एकाच डिस्कमधल्या एकाच विभागात नाव बदलणं हे एका क्षणात होतं, वाचणाऱ्याला एक तर फाइल दिसत नाही किंवा पूर्ण दिसते. अर्थात मुख्य कार्यालयाचं इम्पोर्ट फोल्डरमधलं 'जे दिसेल ते' उचलत असेल तर याचा उपयोग नाही. त्याला फक्त झिपने संपणारी नावंच घ्यायला सांगा.

शाखेच्या बाजूला मी आवक-जावक नोंदवहीसारखी मांडणी करतो. सॉफ्टवेअर जिथे झिप लिहितं तो फोल्डर वेगळा, आणि त्याच ड्राइव्हवर 'जावक' नावाचा फोल्डर वेगळा. स्क्रिप्ट आधी झिपचा आकार बघते, दोन मिनिटं थांबते, पुन्हा बघते. आकार तोच असेल तर फाइल जावकमध्ये हलवते. सॉफ्टवेअरने फाइल अजून उघडी धरली असेल तर विंडोज बहुतेक वेळा हलवूच देत नाही, ते आपल्या पथ्यावरच पडतं. (फोल्डरचं खरं नाव मात्र रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावं बॅच फाइलच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यात) अडकतात, आणि त्यात घालवलेली संध्याकाळ परत मिळत नाही.)

स्क्रिप्टचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. स्क्रिप्ट सुरू झाली की तयार झालेल्या झिप वरच्या पद्धतीने जावकमध्ये आणते. जावक रिकामं असेल तर काहीही न करता बाहेर पडते. काही असेल तर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) काढून, झिपच्याच नावाला 'ओके' जोडून, त्या नावाच्या छोट्या फाइलीत लिहिते. पॉवरशेलमध्ये त्यासाठी तयार कमांड आहे. मग विनएससीपीला दोन कामं देते: आधी झिप चढव, ती नीट चढली तरच ओके फाइल चढव. दोन्ही झाल्यावर, आणि विनएससीपीचा परत आलेला कोड शून्य असेल तरच, दोन्ही फाइली 'पाठवलेल्या' फोल्डरमध्ये हलवते. कोड शून्य नसेल तर फाइल जावकमध्येच राहते आणि स्क्रिप्ट तोच कोड शेड्युलरला देऊन बाहेर पडते.

यात दोन गोष्टी मुद्दाम अशा ठेवल्यात. एक, स्क्रिप्टला तारीख माहीतच नाही. जावकमध्ये जे आहे ते पाठवायचं, एवढंच तिला कळतं. डे-एंड रात्री साडेबाराला झाला, काल नेट नव्हतं म्हणून दोन फाइली साठल्या, तरी तिला वेगळं काही करावं लागत नाही. दुसरी, ती कितीदाही चालवली तरी बिघडत नाही. म्हणून टास्क रोज एकदा लावू नका. संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत दर पंधरा मिनिटांनी आणि सकाळी आठ ते नऊ पुन्हा, असं लावा. लाइट गेली, राउटर अडकला, सर्व्हर रीस्टार्ट होत होता, असल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा 'पुन्हा प्रयत्न' लिहायची गरजच उरत नाही. शेड्युलरमध्ये 'टास्क फसलं तर पुन्हा चालव' अशी सोय दिसते, पण स्क्रिप्टने चुकीचा कोड दिला म्हणून ती चालू होईल या भरवशावर राहू नका. 'आधीचं चालू असेल तर नवीन सुरू करू नको' हा पर्याय मात्र तसाच राहू द्या.

शाखेतलं मशिन रात्री बंद करून जातात, हे तुम्ही लिहिलंय. मग सकाळच्या फेऱ्या त्यासाठीच आहेत. 'वेळ हुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' ही खूणही लावा.

विनएससीपीची नेमकी वाक्यरचना मला विचारण्यापेक्षा त्यालाच विचारा. एकदा हाताने लॉगिन करून फाइल ओढा. ट्रान्स्फरच्या खिडकीत सेटिंगखाली 'जनरेट कोड' हा पर्याय आहे, तो तुमच्या पत्त्यासकट, होस्ट-कीच्या ठशासकट स्क्रिप्ट किंवा बॅच फाइल तयार करून देतो. त्यात चूक झाल्यावर थांबायची सूचना, म्हणजे 'बॅच अ‍ॅबॉर्ट', आणि लॉग फाइलचा पाथ आहे ना, तेवढं तपासा.

पासवर्डऐवजी किल्ली वापरा, आणि प्रत्येक शाखेची वेगळी. रात्री पासफ्रेज टाकायला कुणी नसतं, त्यामुळे ही किल्ली बिनपासफ्रेजची राहणार. म्हणून ती चोरीला गेली तर नुकसान किती होईल, हे आधीच आवळून ठेवायचं. सर्व्हरवर त्या खात्याला शेल, म्हणजे आज्ञा चालवायची सोय, द्यायचं नाही, फक्त एसएफटीपी, तेही स्वतःच्याच फोल्डरात कोंडून. कोंडताना एक अडचण ठरलेली: कोंडण्याचा मूळ फोल्डर रूटच्याच (लिनक्सचं मुख्य खातं) मालकीचा असावा लागतो आणि त्यात शाखेला लिहिता येता कामा नये, नाहीतर एसएसएच जोडणीच तोडतं. म्हणून त्याच्या आत 'आवक' असा वेगळा फोल्डर करून तो शाखेच्या मालकीचा करायचा.

सर्व्हरनेच शाखांमधून फाइली ओढून का घेऊ नयेत, असंही विचारता येईल. एकाच ठिकाणी नियंत्रण राहतं, म्हणून मला ती पद्धत आवडते. पण शाखांना स्थिर आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) नाही आणि प्रत्येक शाखेचं दार बाहेरून उघडं ठेवणं मला त्याहून धोक्याचं वाटतं. तुमच्या बाबतीत शाखेनेच पाठवावं.

मुख्य कार्यालयाने 'आली' म्हणायला हवं

शाखेची स्क्रिप्ट 'गेली' म्हणते त्याला फारशी किंमत नाही. शाखेचं मशिनच बंद असेल तर ती 'गेली नाही' असंही म्हणणार नाही. चूक झाली की मेल पाठवणारी स्क्रिप्ट नेमकी तेव्हाच गप्प असते जेव्हा ती चालतच नाही. म्हणून तपासणी घेणाऱ्याच्या बाजूला ठेवायची.

सर्व्हरवर दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून (लिनक्सचा शेड्युलर) एक छोटी स्क्रिप्ट चालवा. ती प्रत्येक शाखेच्या आवकमध्ये ओके फाइल शोधते, झिपचा हॅश स्वतः काढते, दोन्ही जुळले तर झिप इम्पोर्टच्या फोल्डरात हलवते आणि एका नोंदवहीत ओळ लिहिते: शाखा, फाइल, आकार, वेळ. जुळले नाहीत तर झिप बाजूला ठेवते. हॅश जुळवताना लक्षात घ्या की पॉवरशेल तो मोठ्या अक्षरांत देतं आणि लिनक्स छोट्या, त्यामुळे आधी एकाच रूपात आणा, नाहीतर सगळ्याच फाइली खोट्या ठरतील. आकारही बघा. रिकामी झिप फाइल बरोबर २२ बाइटची असते, तिचा हॅश छान जुळतो आणि आत काहीच नसतं. आदल्या फाइलीच्या निम्म्याहून लहान असेल तर थांबवायची, हा माझा ढोबळ नियम.

क्रॉनची कुरकुर ठरलेली आहे. त्याला तुमचा पाथ माहीत नसतो, म्हणून कमांड पूर्ण पत्त्याने लिहा. क्रॉनच्या ओळीत टक्केवारीचं चिन्ह म्हणजे नवी ओळ असा अर्थ घेतला जातो, त्यामुळे तारखेचं स्वरूप तिथे थेट लिहिलं की ओळ मोडते. ते स्क्रिप्टच्या आत लिहा. आधीची फेरी चालू असताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक ही कुलूप लावणारी कमांड वापरा. आणि भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असतात. सकाळी ९ ला काही चालवायचं तर क्रॉनमध्ये ३ वाजून ३० मिनिटं लिहावं लागेल. किंवा सर्व्हरची वेळ भारतीय करून टाका, आपल्याकडे घड्याळं मागेपुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे त्यात धोका नाही.

सकाळी नऊचं हे काम सगळ्यात महत्त्वाचं. त्या वेळी सर्व्हरने एका ठरलेल्या माणसाला एक मेल पाठवायचा: सहाही शाखांची नावं, आणि प्रत्येकीची शेवटची फाइल कधीची. सगळं ठीक असलं तरी पाठवायचा. रोजचा मेल कंटाळवाणा होतो, हे मान्य. पण मेलच आला नाही तर सर्व्हर झोपलाय हे त्या माणसाला नऊ वाजून पाच मिनिटांनी कळतं. फक्त बिघाडाचा मेल लावलात तर सहा महिने शांतता असते, आणि ती चांगली की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही. कितीतरी क्लाउड सर्व्हरवर पोर्ट २५ बंद असतं, म्हणून मेल तुमच्या नेहमीच्या मेलसेवेतून, लॉगिन करून पोर्ट ५८७ ने पाठवा.

सुट्ट्यांची यादी स्क्रिप्टमध्ये घालायचा मोह होईल. मी घालत नाही. एका गावी जत्रेची सुट्टी, दुसरीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, मधेच मतदानाची सुट्टी. यादी कुणी अद्ययावत ठेवत नाही. मेलमध्ये 'शेवटची फाइल परवाची' एवढं दिसलं की मुख्य कार्यालयातल्या माणसाला ती सुट्टी आहे की बिघाड हे लगेच कळतं. पण तो माणूस कोण, आणि तो रजेवर असताना कोण, हे लेखी ठरवा. हे मी स्क्रिप्टमध्ये लिहून देऊ शकत नाही.

लॉग किती दिवस ठेवायचे? सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबरसुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस सांगितलेत. ते तुमच्या संस्थेला कसे लागू होतात हे ऑडिटरला विचारा, पण जागा फारशी लागत नाही, तेवढे ठेवूनच द्या. 'पाठवलेल्या' फोल्डरातल्या झिप मात्र महिनाभराने काढायला हरकत नाही, मुख्य कार्यालयाकडे त्यांची पोच असेल तरच.

आणि एक, ही व्यवस्था म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक करून 'शाखेत नसलेलं सर्व्हरवरूनही पूस' असा पर्याय तर अजिबात लावू नका. शाखेत रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं तर तो पर्याय तुमची चांगली प्रत आज्ञाधारकपणे पुसून टाकेल. सर्व्हरचा बॅकअप वेगळा, शक्यतो नेटपासून तोडलेल्या डिस्कवर.

लावायचं कसं

एकाच शाखेत सुरू करा, तुमच्या जवळच्या. क्लार्कला हाताने पाठवणं लगेच बंद करायला सांगू नका, मार्च नसेल तर दोन-तीन आठवडे दोन्ही चालू द्या. त्याची फाइल वेगळ्या फोल्डरात जाऊ द्या म्हणजे एकच फाइल दोनदा इम्पोर्ट होणार नाही. त्या काळात मुद्दाम मोडून बघा: ट्रान्स्फर चालू असताना नेटची वायर काढा, सर्व्हरची डिस्क भरल्यासारखी करा, शाखेत रिकामी झिप ठेवा, टास्क बंद करून एक रात्र जाऊ द्या. प्रत्येक वेळी नऊच्या मेलमध्ये ते दिसलं पाहिजे आणि इम्पोर्टच्या फोल्डरात काहीही चुकीचं जाता कामा नये. वायर काढून बघितल्याशिवाय दुसऱ्या शाखेकडे वळू नका.

एवढं करूनही शेड्युलरमधून चाललं नाही तर टास्कच्या 'लास्ट रन रिझल्ट'मधला आकडा आणि विनएससीपीच्या लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी पाठवा. सर्व्हरचा पत्ता आणि खात्याचं नाव आधी खोडा. तो आकडा शून्य असूनही फाइल गेली नसेल तर बॅच फाइलही पाठवा. विनएससीपीच्या ओळीनंतर लगेच कोड साठवायच्या आधी मधे दुसरी एखादी कमांड आली असेल, तर तिचाच शून्य शेड्युलरपर्यंत पोचतो.